दुग्धशाळेतील शीतकरण व पाणीपुरवठा : तांब्याच्या नळीची निवड आणि उपयोग

धार काढतेवेळी दुधाचे उष्णतामान जनावराच्या शरीराइतके, म्हणजे सुमारे ३८ अंश सेंटिग्रेड असते. या उष्णतामानात सूक्ष्म जंतूंची वाढ फार झपाट्याने होते. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुप्पट होते. म्हणून सायंकाळी निघालेले उत्तम दूधही सकाळपर्यंत तसेच ठेवल्यास तापवताना नासते आणि संकलन केंद्रावरून परत येते. शेतकऱ्याने वैरण, पेंड व श्रम यांवर केलेला खर्च अशा वेळी वाया जातो. दूध ४ अंशांपर्यंत लवकर थंड केले, तर जंतूंची वाढ मंदावते. मात्र थंडीने बिघडलेले दूध सुधारत नाही, चांगले दूध चांगले राहते, इतकेच. यासाठी शीतकरणाची सामग्री भरवशाची असावी लागते व तिच्या जोडीला भांडी धुण्यासाठी गरम पाण्याची सोयही असावी लागते.

या दोन्ही कामांत तांब्याची नळी वापरली जाते. ती महाग असते. योग्य ठिकाणी व योग्य रीतीने बसविल्यास ती अनेक वर्षे टिकते. अयोग्य ठिकाणी बसविल्यास पैसा तर जातोच, शिवाय दूध व आरोग्य यांनाही अपाय होतो. म्हणून तांबे कोठे घ्यावे आणि कोठे घेऊ नये, हे दुग्धव्यवसाय करणाऱ्याने व सहकारी दूधसंस्थेच्या चालकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तांबेच का?

तांब्याचा मुख्य गुण म्हणजे त्यातून उष्णता फार सुलभतेने वाहते. साध्या पोलादाच्या मानाने नळ्यांच्या तांब्यातून उष्णता सहा ते आठपट आणि स्टेनलेस पोलादाच्या मानाने वीसपटीहून अधिक सहजतेने जाते. दुसरा गुण असा की, तांबे मऊ असल्याने वाकवता येते आणि डाख देऊन त्याचा सांधा गळतीविरहित करता येतो. तिसरा गुण म्हणजे साध्या पाण्यात ते लोखंडाप्रमाणे गंजून झडत नाही. घरोघरी असलेला तांब्याचा बंब पिढ्यान्पिढ्या टिकतो तो याच गुणामुळे.

नळ्यांसाठी वापरले जाणारे तांबे बहुधा ९९.९ टक्के शुद्ध असते व त्यात अत्यल्प फॉस्फरस मिसळलेला असतो. हा फॉस्फरस तांब्यातील प्राणवायू काढून टाकतो. तसे न केलेले तांबे डाख देताना ज्योतीच्या उष्णतेने ठिसूळ होण्याचा संभव असतो. म्हणून विजेच्या कामासाठी केलेले तांबे आणि नळकामाचे तांबे ही एकच समजू नयेत.

उष्णता पलीकडे न्यावयाची असेल किंवा गरम पाणी व दाब सोसावयाचा असेल, तेथे तांब्याला तोड नाही. परंतु विहिरीपासून टाकीपर्यंत थंड पाणी आणावयाचे असेल, तर एचडीपीई किंवा पीव्हीसीची नळी पुरेशी होते. तेथे तांब्यावर खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

दुधाला तांब्याचा स्पर्श होऊ देऊ नये

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही किंवा ताक ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. दूधही याला अपवाद नाही. तांब्याचा अत्यल्प अंश दुधात उतरला तरी स्निग्धांशावर प्राणवायूची क्रिया जलद होते आणि दुधाला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास व चव येते. पूर्वी दूध थंड करण्यासाठी कल्हई केलेल्या तांब्याच्या नळ्यांवरून दूध वाहवून आतून थंड पाणी सोडण्याची रीत होती. कल्हई जेथे झिजे तेथे दुधाला तांबे लागे. त्यामुळे ही सामग्री मागे पडून तिची जागा स्टेनलेस पोलादाने घेतली.

हा प्रश्न केवळ चवीपुरता नव्हता. लहान मुलांच्या यकृताचा एक घातक विकार भारतात दीर्घकाळ आढळत असे व त्यात अनेक बालके दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा अभ्यास केला. तान्ह्या मुलांना लवकर वरचे दूध सुरू करणे आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवणे किंवा साठवणे, हे या विकाराचे संभाव्य कारण म्हणून १९८३ साली मांडले गेले. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. त्यामुळे भांड्यातील तांबे दुधाबरोबर बालकाच्या पोटात जाई. पुढे घरातील भांडी बदलत गेली आणि हा विकारही दुर्मिळ झाला.

यावरून नियम स्पष्ट होतो : दूध नेहमी स्टेनलेस पोलादातच असावे आणि तांब्याचे काम पोलादाच्या भिंतीपलीकडे असावे. दुधाच्या टाकीत तांब्याचे वेटोळे सोडून दूध थंड करण्याचा घरगुती उपाय कोणीही करू नये. दुधाच्या मार्गातील तोट्या व जोडही पितळेचे नसावेत.

किती थंडावा लागेल?

नळी निवडण्यापूर्वी काम किती आहे हे ठरविले पाहिजे. समजा, एखाद्या गावच्या संस्थेत एका वेळी ५०० लिटर दूध येते आणि ते ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे आहे. या दुधाचे वजन सुमारे ५१५ किलो भरते. त्यातून जवळजवळ ६२,००० किलोजूल उष्णता काढावी लागते. तीन तासांत हे काम उरकावयाचे असल्यास सुमारे ५.८ किलोवॅट, म्हणजे पावणेदोन टनांच्या आतबाहेर शीतकरणशक्ती लागेल. टाकीतून आत शिरणारी उष्णता लक्षात घेता दोन टनांचे यंत्र योग्य होईल.

विहिरीचे पाणी २५ अंशांचे असेल, तर त्याचाही उपयोग करून घ्यावा. स्टेनलेस पोलादाच्या पत्र्यांच्या कूलरमधून एका बाजूने दूध व दुसऱ्या बाजूने हे पाणी सोडल्यास दूध २८ अंशांपर्यंत आणता येते. त्यामुळे यंत्राचे काम एक-पंचमांशाहून अधिक कमी होते. कूलरमधून बाहेर पडलेले कोमट पाणी गोठा धुण्यास वापरावे.

जेथे वीज ठराविक तासच मिळते, तेथे बर्फसाठ्याची पद्धत सोयीची पडते. उष्णतारोधक भिंतींच्या पाण्याच्या टाकीत तांब्याच्या नळीचे वेटोळे बसवितात. वीज असताना नळीभोवती बर्फ जमतो आणि दूध आल्यावर त्याच बर्फगार पाण्याने दुधाच्या बरण्या किंवा टाकीची पोलादी भिंत थंड केली जाते. वरील ५०० लिटर दुधासाठी सुमारे १८५ किलो बर्फ लागतो. येथे तांबे पाण्यात असते, दुधात नसते. मात्र बरणीतील दुधाची पातळी बाहेरील पाण्याच्या पातळीपेक्षा वर राहू देऊ नये व दूध अधूनमधून स्वच्छ दांडीने ढवळावे, नाही तर मधले दूध गरमच राहते.

नळी विकत घेताना

बाजारात नळी दोन प्रकारची मिळते. मऊ नळी वेटोळ्याच्या रूपात येते. ती वाकवता येते व तिचे तोंड फुलवून, म्हणजे फ्लेअर करून, नटाने जोडता येते. कडक नळी सरळ लांबीत येते. ती भिंतीवरून नीटस जाते, परंतु वाकविण्यास योग्य नसते. यंत्रापासून टाकीपर्यंत वळणे पुष्कळ असतील तर मऊ नळी आणि सरळ, उघड्या भिंतीवरील पाणीपुरवठ्यास कडक नळी, असा ढोबळ नियम आहे.

मापाच्या बाबतीत बरीच फसगत होते. शीतकरणाची नळी बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाते. पाव इंची म्हणजे ६.३५ मि.मी., तीन-अष्टमांश इंची म्हणजे ९.५२ मि.मी. आणि अर्धा इंची म्हणजे १२.७ मि.मी. बाहेरचा व्यास. याउलट अमेरिकन पद्धतीच्या पाण्याच्या नळीत ‘अर्धा इंच’ हे केवळ नाव असून तिचा बाहेरचा व्यास पाच-अष्टमांश इंच असतो. मेट्रिक पद्धतीत १५, २२, २८ मि.मी. अशी मापे बाहेरच्या व्यासाचीच असतात. म्हणून दुकानात केवळ ‘अर्धा इंची नळी’ असे न मागता बाहेरचा व्यास व भिंतीची जाडी ही दोन्ही मिलिमीटरमध्ये सांगावीत.

जाडीकडे दुर्लक्ष केल्यास धोका असतो. नळी किती दाब सोसेल हे जाडी व व्यास या दोहोंवर अवलंबून असते. एकाच जाडीच्या दोन नळ्यांपैकी मोठ्या व्यासाची नळी कमी दाब सोसते. शिवाय कडक नळीला ब्रेझिंग केले की सांध्यापाशी ती मऊ पडते. त्यामुळे दाबाचा हिशेब नेहमी मऊ नळीचाच धरावा. आर-४१०ए या शीतकाचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतो. म्हणून जुन्या यंत्राच्या पातळ नळ्या नव्या यंत्रास तशाच जोडू नयेत. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली जाडी पाळावी.

जाडी पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे वजन. ९.५२ मि.मी. व्यासाची व ०.८ मि.मी. जाडीची नळी दर मीटरला सुमारे १९६ ग्रॅम भरते. १५ मीटरच्या वेटोळ्याचे वजन २.९ किलोच्या आसपास यावयास हवे. ते सव्वादोन किलोच भरले, तर भिंत ०.६ मि.मी. असल्याचे समजावे. त्याचप्रमाणे १५ मि.मी. व्यासाची, १ मि.मी. जाडीची पाण्याची नळी दर मीटरला सुमारे ३९० ग्रॅम आणि ०.७ मि.मी. जाडीची सुमारे २८० ग्रॅम भरते. वेटोळे काट्यावर ठेवून मगच पैसे द्यावेत.

शीतकरणाची नळी आतून स्वच्छ व कोरडी करून तिची दोन्ही तोंडे टोपणांनी बंद केलेली असतात. उघड्या तोंडाची, धूळ बसलेली नळी स्वस्त मिळाली तरी शीतकरणासाठी घेऊ नये.

कापणे, वाकवणे व जोडणे

नळी चाकाच्या कटरने कापावी. करवतीने कापल्यास आत चुरा पडतो व तो कॉम्प्रेसरपर्यंत जातो. कापल्यावर आतील कंगोरा काढून टाकावा. हे करताना नळीचे तोंड खाली धरावे, म्हणजे कण आत पडत नाहीत.

तांबे वाकवता-ठोकता कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर घडण चालू असताना भांडे पुन्हा पुन्हा भाजतात, ते हा कडकपणा घालविण्यासाठीच. तांबे मंद लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ होते. पोलादाप्रमाणे पाण्यात बुडवल्याने ते कडक होत नाही. नळी वाकविण्यासाठी बेंडर किंवा स्प्रिंग वापरावी व वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या निदान तीन-चार पट ठेवावी. चेपलेले वळण सरळ करून पुन्हा वापरू नये. तेवढा तुकडा कापून टाकावा.

पाण्याच्या नळीस मऊ डाख चालतो. तोंड व फिटिंग काचकागदाने चकचकीत करावे, पातळसा फ्लक्स लावावा, नळी फिटिंगमध्ये तळापर्यंत बसवावी आणि ज्योत फिटिंगवर धरावी. डाखाच्या तारेवर ज्योत धरू नये. धातू पुरेसा तापला की डाख आपोआप फटीत ओढला जातो. सांधा थंड होईपर्यंत हलवू नये. उरलेला फ्लक्स ओल्या फडक्याने पुसून काढावा, कारण तो पुढे तांबे खातो. पिण्याच्या पाण्यासाठी शिसे असलेला डाख कदापि वापरू नये.

शीतकाच्या नळ्यांना मऊ डाख पुरत नाही. तेथे तांबे-फॉस्फरस किंवा चांदीयुक्त सळईने ब्रेझिंग करावे लागते. तांब्याला तांबे जोडताना तांबे-फॉस्फरसच्या सळईस फ्लक्सची गरज नसते. मात्र ही सळई तांब्याला पोलाद जोडण्यास वापरू नये, कारण तो सांधा ठिसूळ होतो. तेथे चांदीयुक्त सळई व फ्लक्स घ्यावा. ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडावा. तसे न केल्यास आतील बाजूस काळे पापुद्रे धरतात आणि पुढे ते सुटून झडपेचे बारीक छिद्र बुजवतात.

वायू भरण्यापूर्वीची परीक्षा

सांधे पूर्ण झाल्यावर रेग्युलेटर लावून नळ्यांत नायट्रोजन भरावा आणि साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा तपासावा. दाब पुस्तिकेत दिल्याइतकाच ठेवावा. या कामासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबातील ऑक्सिजन येताच स्फोट होऊन माणसे दगावू शकतात.

त्यानंतर निर्वात पंपाने आतील हवा व ओलावा काढावा. २५ अंश उष्णतामानास पाणी उकळण्यासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मि.मी. पर्यंत उतरावा लागतो. ओलावा पुरता निघावा म्हणून प्रत्यक्षात तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ५०० मायक्रॉनपर्यंत नेतात. पंप बंद केल्यावर दाब पुन्हा चढत राहिला, तर ओलावा किंवा गळती शिल्लक आहे असे समजावे.

शीतक असलेल्या नळीवर ज्योत कधीही धरू नये. काही शीतकांपासून ज्वालेत विषारी वायू निर्माण होतात आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, हा शीतक स्वतःच पेट घेतो. शीतक हवेत सोडून देऊ नये, तो सिलिंडरमध्ये परत भरून घ्यावा. ही कामे प्रशिक्षित कारागिराकडूनच करवून घ्यावीत. तो वरील प्रत्येक पायरी करतो की नाही, हे पाहणे मात्र संस्थाचालकांचे काम होय.

कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या थंड नळीवर बंद छिद्रांच्या रबरी आवरणाचे वेष्टन घालावे व तिला कॉम्प्रेसरच्या दिशेने किंचित उतार द्यावा, म्हणजे तेल अडकून राहत नाही.

गरम व पिण्याच्या पाण्याची नळयोजना

दुधाच्या बरण्या धुण्यासाठी सौर उष्णजल यंत्र उपयोगी पडते. सपाट तबकाच्या यंत्रात पाणी तांब्याच्या नळ्यांतूनच तापते. येथे पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट वेगाची. गरम पाण्याचा वेग सेकंदास दीड मीटरपेक्षा अधिक असू नये, अन्यथा वळणावर तांबे आतून झिजते. पाणी ६० अंशांहून गरम असेल तर वेग याच्याही निम्म्याच्या आसपास ठेवावा. १३ मि.मी. आतील व्यासाच्या नळीतून दीड मीटर वेगाने मिनिटास सुमारे १२ लिटर आणि २० मि.मी. आतील व्यासाच्या नळीतून सुमारे २८ लिटर पाणी मिळते. त्या मानाने नळी घ्यावी.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. १० मीटर लांब नळी ४० अंशांनी तापल्यास जवळजवळ ७ मि.मी. लांबते. भिंतीत ती घट्ट पक्की केल्यास सांधे सुटतात. म्हणून वळण किंवा फास ठेवून तिला जागा द्यावी.

तिसरी गोष्ट लोखंडाच्या संगतीची. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला असेल, तर त्यात बुडवलेल्या लोखंडी विळ्यावर तांबूस थर चढतो, ही परीक्षा बागायतदारांच्या नित्य परिचयाची आहे. पाण्याच्या नळांतही हेच घडते. तांब्याच्या नळीतून सूक्ष्म तांबे घेऊन आलेले पाणी पुढे जस्ती नळात गेले, तर ते तांबे जस्तावर बसून नळाला भोके पाडते. म्हणून पाण्याच्या ओघात जस्ती नळ आधी व तांबे नंतर यावे, उलट कधीही करू नये. दोन्ही धातू प्रत्यक्ष जोडण्याऐवजी मध्ये विद्युतरोधक जोड घालावा. नळीच्या लोखंडी पकडीखाली रबर घालावे.

चौथी गोष्ट पाण्याच्या जातीची. कोकणात जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी पुष्कळदा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. ते तांबे विरघळवते. देशावरील काळ्या दगडातील पाणी बहुधा जड असते. त्यात तांबे टिकते, परंतु तापवल्यावर क्षार बसतात. एक मिलिमीटर क्षाराचा थर उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढा अडथळा होण्यास शंभर मिलिमीटरहून जाड तांबे लागेल. म्हणजे क्षार साचू दिल्यास तांब्यासाठी मोजलेली किंमत व्यर्थ जाते. यास्तव पाण्याची परीक्षा आधी करून घ्यावी. पीएच ६.५ पेक्षा कमी असल्यास तांब्याची नळी टाळावी. तोटीखाली मोरचुदासारखा हिरवा-निळा डाग पडणे, ही तांबे विरघळत असल्याची खूण होय.

पिण्याच्या पाण्यात तांबे लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावे व दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ मध्ये दिले आहे. रात्रभर नळीत साचलेले पाणी सकाळी प्रथम सोडून द्यावे. ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत त्यांनी विशेष जपावे, कारण अधिक तांबे मेंढीला इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधते.

गोठ्यातील वायूपासून रक्षण

जनावरांचे मूत्र कुजून अमोनिया वायू निर्माण होतो. ओलाव्याच्या संगतीत तो तांब्याला खातो आणि ताणाखालील पितळी नटांना तडे पाडतो. शीतकरण यंत्राचे नट असे अचानक फुटून सगळा वायू निघून गेल्यास त्या दिवसाचे दूध हातचे जाते. म्हणून यंत्र गोठ्याच्या आत, खताच्या खड्ड्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांच्या खोलीत बसवू नये. स्वतंत्र, हवेशीर व सावलीच्या जागी ते ठेवावे. मोठ्या शीतगृहांत शीतक म्हणून अमोनियाच वापरतात. तेथे नळ्या पोलादी असतात व त्यांच्या दुरुस्तीत तांब्याचा वा पितळेचा तुकडा कधीही बसवू नये.

सारांश

दूध पोलादात ठेवावे व तांब्याकडून केवळ उष्णता नेण्याचे काम घ्यावे. नळी व्यास, जाडी व वजन पाहून घ्यावी. शीतकाची नळी कोरडी ठेवावी, ब्रेझिंग व परीक्षा नायट्रोजननेच करावी. पाण्याच्या नळीस शिसेविरहित डाख द्यावा आणि जस्ती नळानंतरच तांबे यावे. आम्लधर्मी पाणी व अमोनिया यांपासून तांब्याला दूर ठेवावे. या गोष्टी पाळणाऱ्या संस्थेची शीतकरण सामग्री दीर्घकाळ बिनतक्रार चालते आणि गावातील दूध संकलन केंद्रावरून नासून परत येण्याची वेळ सहसा येत नाही.